खाद्यातलं तेल: कोणतं, कुणाला आणि किती जुनं?

तेलाचे भाव हलले की या सदराकडे येणारी पत्रं वाढतात. २०२२ साली एप्रिलअखेर इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात बंद केली, तेव्हा मी कोंबड्यांचं खाद्य बनवणाऱ्या एका कारखान्यात फॉर्म्युलेशन बघत होते. सकाळी ठरवलेला फॉर्म्युला संध्याकाळी बदलावा लागे. ती बंदी महिनाभरही टिकली नाही, पण तेवढ्यात ज्यांनी मिळेल ते तेल मिळेल त्या पिल्लाला घातलं, त्यांना ती बॅच अजून आठवत असेल. या वेळची पत्रं त्याच वळणाची आहेत. सगळे विचारतात, 'किती टक्के?' कोणतं तेल आणि कितव्या दिवसापासून, हे विचारणारा एखादाच. म्हणून या वेळचं सगळं सदर तेलालाच दिलंय.

प्रश्न: आमचं पाच हजार पक्ष्यांचं शेड आहे. करारावर नाही, धंदा स्वतःचा आहे. खाद्य घरच्या ग्राइंडर-मिक्सरवर बनवतो. सोयाबीन तेल परवडेना म्हणून डिसेंबरच्या बॅचला पहिल्या दिवसापासून अडीच टक्के पाम तेल घातलं. पहिले दोन आठवडे पिल्लं वाढेनात. बुडाला शी चिकटलेली, खाली अंथरलेलं तूस चिकट. तिसऱ्या आठवड्यापासून पक्षी आपोआप सावरले. तेल भेसळीचं होतं का?
– एक पोल्ट्रीधारक, तासगाव

उत्तर: भेसळ असेलही, पण ती सिद्ध करायच्या मागे लागू नका. भेसळीचं तेल तिसऱ्या आठवड्यात आपोआप सुधारत नसतं. त्या आठवड्यात बदलला तो पक्षी. तुमच्या पत्रातलं कामाचं वाक्य तेच आहे.

अंड्यातून बाहेर पडलेलं पिल्लू पोटात बलकाची शिदोरी घेऊन येतं. ती चार-पाच दिवसांत संपते. पुढे खाद्यातलं तेल आतड्यात पचवायचं, तर दोन गोष्टी लागतात: स्वादुपिंडातलं लायपेज, म्हणजे तेल तोडणारं विकर, आणि यकृतातलं पित्त. पिल्लाकडे दोन्ही असतात, पण पुरेशी नसतात. पहिले दहा-चौदा दिवस ती हळूहळू वाढत जातात. या काळात पिल्लाला कोणतं तेल देता, यावर बरंच अवलंबून असतं.

सोयाबीन तेलात दर शंभर भागांत साधारण १५ भाग संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅटी ॲसिड, बाकीची असंपृक्त. त्यातही ५२-५३ भाग एकट्या लिनोलिकचे. पाम तेलात पामिटिक हे संपृक्त ॲसिडच ४४ भागांच्या आसपास, वर चार-पाच भाग स्टिअरिक, म्हणजे निम्मं तेल संपृक्त. लिनोलिक जेमतेम १०. आतड्यात सगळा कारभार पाण्याचा. तिथे तेल शोषलं जायचं तर पित्ताने त्याचे बारीक कण करून पाण्यात तरंगते ठेवावे लागतात. असंपृक्त ॲसिडं या कणांत सहज शिरतात आणि आपल्याबरोबर थोड्या संपृक्तांनाही आत ओढतात. पामिटिक आणि स्टिअरिक एकटी पडली की अडतात. त्यात पाम तेलातलं पामिटिक बहुतेक रेणूच्या कडेच्या जागांवर असतं. लायपेज नेमकं तिथलंच आधी तोडतं आणि पामिटिक सुटं होतं. सुटं पामिटिक खाद्यातल्या कॅल्शियमला धरतं आणि त्याचा साबण होतो. ही उपमा नव्हे, रसायनशास्त्रात त्याला साबणच म्हणतात. तो न पचता विष्ठेतून बाहेर पडतो. बुडाला आणि तुसाला चिकटलेलं तुम्ही पाहिलंत, त्यात हा वाटा होता. तेलाचे पैसे गेलेच, जाताना हाडांना लागणारं कॅल्शियमही घेऊन गेले.

तिसऱ्या आठवड्यात पित्त वाढलं, तेच तेल पचायला लागलं, पक्षी सावरले. पण पहिल्या आठवड्यात मागे पडलेलं वजन विक्रीच्या दिवसापर्यंत पूर्ण भरून निघत नाही. तुमचं एफसीआर (एक किलो वजनाला किती किलो खाद्य लागलं तो आकडा) तुम्ही लिहिलेलं नाही, तरी अंदाज करता येतो.

आता डिसेंबरचं. तासगावकडच्या थंडीत पाम तेलाच्या पिंपाचं झाकण उघडून एकदा बॅटरी मारून बघा. वर सोनेरी पातळ तेल, खाली पांढुरका, रवाळ थर. वरचं पातळ तेल असंपृक्त भागाचं, खालचा थर बहुतेक संपृक्ताचा. तुम्ही पिंप न ढवळता वरून तेल काढत गेलात, तर पहिल्या घाण्याला एक तेल मिळालं आणि शेवटच्या घाण्याला वेगळंच. कागदावर दोन्हीकडे अडीच टक्के. गोठलेलं तेल मिक्सरमध्ये पसरतही नाही, त्याच्या गुठळ्या होतात आणि एका फीडरला तेल जास्त, दुसऱ्याला कमी अशी गत होते. पिंप गरम पाण्याच्या हौदात ठेवा किंवा उन्हात फिरवा, पूर्ण पातळ होऊ द्या, बांबूने तळापासून ढवळा आणि मगच मापा. विस्तवावर थेट ठेवू नका.

पुढच्या बॅचला असं करा. पहिले दहा दिवस फक्त सोयाबीन तेल, तेही एक-दीड टक्काच. या वयात पिल्लू खातंच किती? पाच हजार पिल्लांना दहा दिवसांत लागणाऱ्या खाद्याचा हिशेब मांडा, त्यातल्या दीड टक्के तेलाच्या किमतीतला फरक काढा. ज्या बचतीसाठी ही बॅच मागे पडली ती रक्कम बघून तुम्हालाच हसू येईल. अकराव्या दिवसापासून सोयाबीन आणि पाम निम्मं-निम्मं. तीन आठवड्यांनंतर पामचा वाटा वाढवला तर चालेल, पण थोडं सोयाबीन तेल शेवटपर्यंत राहू द्या. १९८९ ते १९९१ च्या दरम्यान बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये यावर झालेलं काम आम्ही अजून वापरतो: असंपृक्त भाग संपृक्ताच्या चौपट होईपर्यंत तेलाचं पचन सुधारत जातं, पुढे फारसा फरक पडत नाही. निव्वळ पाम तेलात हे प्रमाण एकास एक. निम्म्या-निम्म्या मिश्रणात दुपटीच्या थोडं वर. मक्यातलं तेल बहुतांशी असंपृक्त असतं, ते त्यात भर घालतं, म्हणून मोठा पक्षी निभावून नेतो.

लायसोलेसिथिनची, म्हणजे तेलाचे बारीक कण करायला पित्ताला मदत करणारी, पावडर विकणारे तुमच्याकडे येतीलच. पाम किंवा चरबी लहान पिल्लांना देत असाल तर तिचा उपयोग आहे. सोयाबीन तेलाबरोबर ती घेणं म्हणजे पैसे जास्त झाल्याचं लक्षण.

प्रश्न: माझ्या मेहुण्याचा फरसाणाचा कारखाना आहे. तळून उरलेलं तेल तो मला निम्म्या दरात देतो. लॅबमध्ये तपासलं तर पेरॉक्साइड व्हॅल्यू ३ आली, म्हणजे तेल चांगलं आहे ना? दोन बॅच घातलं, काही झालं नाही. या बॅचला अठराव्या-एकोणिसाव्या दिवसापासून काही पिल्लं उताणी पडून पाय मारतात आणि मरतात. लसीकरण सगळं झालंय.
– एक वाचक, नाशिक रोड

उत्तर: तेल आजच बंद करा आणि उत्तर नंतर वाचा.

आधी ती ३ पेरॉक्साइड व्हॅल्यू. तेल हवेत जुनं होतं तेव्हा आधी पेरॉक्साइडं तयार होतात, मग ती फुटून त्यांच्यापासून दुसरेच पदार्थ होतात, उग्र वासाचे आणि अपायकारक. तळणीच्या तापमानाला पेरॉक्साइडं फार टिकतच नाहीत. झाली की फुटतात. त्यामुळे कढईतून आलेल्या तेलाची पेरॉक्साइड व्हॅल्यू कमी येणं यात नवल काही नाही, आणि त्यावरून तेल चांगलं ठरत नाही. अशा तेलासाठी 'टोटल पोलर कंपाउंड्स', म्हणजे तळताना तेल तुटून झालेले पदार्थ, मोजतात. माणसांच्या खाण्यासाठी एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, १ जुलै २०१८ पासून त्याची मर्यादा २५ टक्के ठेवली आहे. त्यापुढचं तेल तळणीत वापरायचं नाही. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी नोंद ठेवून ते अधिकृत संकलकाला द्यायचं असतं. त्याचं बायोडिझेल होतं. मेहुण्यांना ही वाट माहीत नसेल तर सांगा. त्यांचंही नुकसान होणार नाही.

आता पिल्लं. तुम्ही वर्णन केलंय ते मला व्हिटॅमिन ईच्या अभावाकडे बोट दाखवणारं वाटतं. खवट तेल खाद्यातलं व्हिटॅमिन ई खाऊन टाकतं. प्रीमिक्समध्ये (जीवनसत्त्वांच्या तयार मिश्रणात) कंपनीने जेवढं घातलंय तेवढं पिशवीवर लिहिलेलं असतं, पण पक्ष्याच्या पोटात पोचत नाही. आणि लिनोलिकसारखी असंपृक्त ॲसिडं शरीरात जितकी जास्त, तितकं त्यांना सांभाळायला व्हिटॅमिन ई जास्त लागतं. ते कमी पडलं की दोन ते चार आठवड्यांच्या पिल्लाच्या लहान मेंदूवर घाला येतो. पिल्लू चालता चालता एका बाजूला कलंडतं, मान वाकते किंवा मागे वळते, उताणं पडून पाय सायकलसारखे मारतं, बोटं आवळलेली. डोळे उघडे आणि तरतरीत असतात, म्हणून बघवत नाही. नुकत्याच मेलेल्या पिल्लाची कवटी मागच्या बाजूने हलकेच उघडली, तर लहान मेंदू सुजून मऊ झालेला आणि त्यावर लाल ठिपके दिसतात. काहींत हिरवट-पिवळा डागही. एकदा बघितलं की विसरत नाही.

पण राणीखेत या विषाणूच्या रोगातही मान वळते, आणि एव्हियन एन्सेफॅलोमायलायटिस या मेंदूच्या विषाणूरोगातही पिल्लं अशीच पडतात. लस दिली म्हणजे रोग नाहीच, असं धरून चालू नका. दोन ताजी मेलेली आणि दोन पडलेली जिवंत पिल्लं घेऊन जवळच्या पशुवैद्यकाकडे जा, शवविच्छेदन करून घ्या. तोपर्यंत बाकीच्या पक्ष्यांना पाण्यातून व्हिटॅमिन ई आणि सेलेनियम त्यांच्या सल्ल्याने सुरू करा. पडलेली पिल्लं बहुधा वाचणार नाहीत, उभी असलेली वाचतात. त्या तेलाने मिसळलेलं खाद्य उरलं असेल तर ते 'आता मोठ्या पक्ष्यांना घालून संपवू' असं करू नका.

तुम्ही लिहिता, दोन बॅच काही झालं नाही. कढईतलं तेल रोज वेगळं असतं. कधी दोन दिवसांचं, कधी आठवडाभर त्यातच भर घालून वापरलेलं. आणि या धंद्यातली जुनी जखम फक्त तळणीचं तेल आहे असंही नाही. कुठून आलं ते ठाऊक नसलेलं कोणतंही तेल तसंच. १९५७ साली अमेरिकेत लाखो कोंबड्या छातीपोटात पाणी होऊन मेल्या. कारण निघालं खाद्यातल्या चरबीत: कातडी कमावण्याच्या धंद्यातून आलेली, डायऑक्सिन हे विष असलेली चरबी त्यात मिसळली होती. १९९९ साली बेल्जियममध्ये गोळा केलेल्या चरबीत ट्रान्सफॉर्मरचं, पीसीबी ही विषारी रसायनं असलेलं तेल गेलं, ती चरबी खाद्य कारखान्यांत पोचली आणि अंडी-चिकन दुकानांतून उचलावं लागलं. त्या जूनमधल्या निवडणुकीत तिथलं सरकार पडलं. चांगल्या-वाईट तेलाचं रंगरूप सारखंच असतं.

चांगल्या तेलाची खात्री कशी करायची, हेही सांगते. ताजं कच्चं तेल, पुरवठादाराचा बॅच नंबर, आणि तीन तपासण्या: फ्री फॅटी ॲसिड (तेल तुटून सुटी झालेली ॲसिडं), पेरॉक्साइड व्हॅल्यू, ओलावा-गाळ. बीएचटीसारखं अँटीऑक्सिडंट तेल ताजं असतानाच घातलेलं असावं. खवट झाल्यावर घातलं तर ते मागे जाऊन काही दुरुस्त करत नाही. बाकी तळहातावर चार थेंब चोळून वास घ्या. जुन्या रंगाच्या डब्यासारखा वास आला तर पिंप परत पाठवा. लॅबचा रिपोर्ट येईपर्यंत मी कारखान्यात हेच करत असे आणि गाडी दारातच थांबवत असे.

प्रश्न: घरी चिकनचा रस्सा उरला तर फ्रिजमध्ये ठेवते. मटणाच्या रश्श्यावर पांढरा घट्ट थर येतो. चिकनवर मात्र पिवळट, मऊ, लोण्यासारखा. आमच्या सासूबाई म्हणतात हल्लीच्या कोंबड्यांना हार्मोन देतात म्हणून चरबी अशी. खरं काय?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: सासूबाईंना सांगा, हार्मोन नाही, सोयाबीन आणि मका. बोकडाच्या पहिल्या पोटात, रुमेनमध्ये, असंख्य जिवाणू असतात. चाऱ्यातली असंपृक्त फॅटी ॲसिडं ते पोटातच संपृक्त करून टाकतात. म्हणून त्याने काहीही खाल्लं तरी चरबी घट्टच होते. कोंबडीला रुमेन नाही. ती जे तेल खाते त्याची ओळख थेट तिच्या चरबीत उतरते. मका आणि सोयाबीन तेलावर वाढलेल्या पक्ष्याची चरबी मऊ, पाम किंवा जनावरांच्या चरबीवर वाढलेल्याची जरा घट्ट. पिवळेपणा मक्यातल्या रंगद्रव्याचा.

मऊ चरबी चांगली की वाईट? तब्येतीच्या बाजूने बघितलं तर तक्रार करण्यासारखं काही नाही. पण ती हवेत लवकर खवट होते. फ्रीझरमध्ये महिनोन्‌महिने ठेवलेल्या चिकनला येणारा तो शिळा वास यामुळेच. आणि पोटातली पिवळी चरबीची लादी? ती बहुतेक तेलामुळे येत नाही, खाद्यात प्रथिनाच्या मानाने ऊर्जा जास्त झाल्याने येते. कोंबडी तिची बरीचशी चरबी यकृतात स्वतः बनवते. दुकानदाराकडून ती लादी काढून घ्या. वजनात तिचे पैसे दिलेले असतात हे मात्र खरं.

प्रश्न: आमच्या भागात तांदळाची कणी स्वस्त मिळते म्हणून निम्मा मका काढून कणी घातली. खाद्याच्या पिशवीवर 'लिनोलिक १ टक्का' असं असतं, ते आमच्या खाद्यात येतं का? राइस मिलचं पॉलिशही (तांदूळ सडताना निघणारा बारीक कोंडा) घालावं म्हणतो.
– एक पोल्ट्रीधारक, गोंदिया

उत्तर: हा प्रश्न विचारलात हे फार बरं केलंत. बहुतेक जण पिशवीवरची ती ओळ वाचतच नाहीत.

लिनोलिक ॲसिड पक्षी स्वतः बनवू शकत नाही, खाद्यातूनच लागतं. १९२९ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात जॉर्ज आणि मिल्ड्रेड बर या नवरा-बायकोने उंदरांना तेल-चरबी अजिबात नसलेलं खाणं घालून दाखवलं, की असं खाणं मिळालं तर जनावर खुरटतं आणि आजारी पडतं. कोंबडीच्या पिल्लात कमतरता झाली तर वाढ मंदावते, पाणी जास्त पितात, श्वसनाच्या आजारांना लवकर बळी पडतात, यकृत मोठं आणि चरबीयुक्त होतं. यातलं एकही लक्षण 'हे लिनोलिकचंच' असं ओरडून सांगत नाही, म्हणून दोष औषधाला किंवा पिल्लाच्या कंपनीला दिला जातो.

हिशेब सोपा आहे. १०० किलो खाद्यात ६० किलो मका, त्यात तेल सुमारे ३.८ टक्के, म्हणजे २.३ किलोच्या आसपास. मक्याच्या तेलात निम्म्याहून जास्त, ५५ टक्क्यांच्या घरात लिनोलिक. झालं सव्वा किलो, म्हणजे सव्वा टक्का. मक्याच्या खाद्यात म्हणून चिंता नसते. तुम्ही ३० किलो मका काढून कणी घातलीत. कणीत तेल नावालाच. लिनोलिक ०.६ टक्क्यावर आलं. आता एक टक्का सोयाबीन तेल घातलंत तर त्यातून अर्धा टक्का मिळून बेरीज एकच्या वर जाते. राईस ब्रान तेल एक टक्का घातलंत तर त्यातून तिसऱ्या हिश्शाइतकं, बेरीज एकच्या जरा खाली. पाम घातलंत तर ०.१, ते घातलं न घातलं सारखंच. म्हणजे कणी घालणाऱ्याने तेल निवडताना फक्त किंमत बघून चालत नाही. दीड टक्का सोयाबीन तेल घाला आणि निर्धास्त राहा.

पॉलिश? भात कांडलं की कोंड्यातलं लायपेज मोकळं होतं आणि तेलावर तुटून पडतं. फ्री फॅटी ॲसिड तासागणिक वाढत जातं. आठवडाभर गोदामात पडलेल्या पॉलिशला साबणासारखा वास येतो, तो त्याचाच. मिलमधून आजचं आणून आज-उद्या संपवणार असाल तर थोडं, तेही मोठ्या पक्ष्यांना. नाहीतर तेल काढलेला कोंडा घ्या. त्यात ऊर्जा कमी, पण खोड्याही कमी.

एक बारीक गोष्ट: कणीत पिवळा रंग नाही. पाय आणि कातडी फिकट पडली तर तुमच्या बाजारात गिऱ्हाईक 'आजारी पक्षी' म्हणून नाक मुरडतं का, तेवढं आधी बघून ठेवा.

प्रश्न: फिनिशरमध्ये, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या खाद्यात, पाच टक्के तेल घातलं तर वजन हमखास वाढतं, असं एक विक्रेता सांगतो. खरं का?
– एक वाचक, फलटण

उत्तर: वजन वाढेल, पण हमखास पैसे वाढतील असं नाही. तेल कशासाठी घालतो ते आकड्यांत बघा. एक किलो मक्यातून पक्ष्याला सुमारे ३३५० किलोकॅलरी (पुढे नुसतं कॅलरी म्हणते) मिळतात, एक किलो चांगल्या वनस्पती तेलातून ८८०० च्या आसपास. शंभर किलोत एक किलो मका काढून एक किलो तेल घातलं, तर दर किलो खाद्याला ५४-५५ कॅलरी वाढतात. भारतीय मानक ब्युरोच्या २००७ च्या मानकात फिनिशरला ३२०० कॅलरी आणि २० टक्के प्रथिनं सांगितली आहेत. नुसत्या मका-सोयापेंडीचं फिनिशर २९०० च्या घरात येतं. म्हणजे मधलं अंतर कापायला साडेपाच टक्के तेल लागेल. विक्रेत्याचा आकडा हवेतला नाही.

आता खर्च. समजा मका २४ रुपये आणि तेल ११० रुपये किलो. मक्यातून हजार कॅलरी सात रुपयांच्या थोड्या वर पडतात, तेलातून साडेबारा. तेलाची कॅलरी नेहमीच महाग. ती परवडते ती एफसीआर सुधारल्यामुळे, आणि एफसीआर सुधारतो तो प्रथिनं तेलाबरोबर वाढवली तर. ऊर्जा जास्त झाली की पक्षी खाद्य कमी खातो. मग लायसिन, मिथिओनिन ही प्रथिनांतली गरजेची अमिनो ॲसिडं पोटात कमी जातात आणि वजनाऐवजी पोटात चरबी साठते. तेल एक टक्का वाढवलंत आणि बाकी फॉर्म्युला तसाच ठेवलात, तर तुम्ही फक्त फॉर्म्युला बिघडवलात. शिवाय मॅश, म्हणजे नुसतं भरडलेलं खाद्य, देत असाल तर चालेल, पण गोळी बनवत असाल तर मिक्सरमध्ये दोन-तीन टक्क्यांपुढे तेल गेलं की गोळी फुटते. वरचं तेल गोळी झाल्यावर फवारावं लागतं.

माझं मत विचाराल तर या भावात तीन टक्के आणि अमिनो ॲसिडचा हिशेब नीट. पाचचा आग्रह विक्रेत्याचा.

प्रश्न: उन्हाळ्यात तेल गरम पडतं म्हणून मार्चपासून तेल बंद करतो. बरोबर ना?
– एक पोल्ट्रीधारक, चंद्रपूर

उत्तर: उलट आहे. अन्न पचवताना शरीरात उष्णता तयार होते. सगळ्यात जास्त प्रथिनांतून, त्याहून कमी पिष्टातून, सगळ्यात कमी तेलातून. तुमच्याकडे ४५ अंशांत पक्षी चोच उघडून धापा टाकतो आणि खाणं सोडतो. थोड्या खाण्यात जास्त ऊर्जा द्यायची असेल तर मक्यातला काही वाटा तेलावर न्यायचा. भर दुपारी खाद्य वर उचला, पहाटे आणि रात्री खाऊ द्या. गरम पडतं ते उन्हात ठेवलेलं पिंप. तेल सावलीत ठेवा आणि मिसळलेलं खाद्य आठवड्याच्या आत संपवा.

प्रश्न: आमच्याकडे जवस होतं. ते घालून 'ओमेगा-३ चिकन' विकता येईल का?
– एक वाचक, वर्धा

उत्तर: येईल, पण जपून. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त अल्फा-लिनोलेनिक हे ओमेगा-३ ॲसिड असतं आणि वर डोंबिवलीच्या ताईंना लिहिलं तसं ते मांसात उतरतं, छातीपेक्षा मांडीत जास्त. माशात असतात ती लांब साखळीची ओमेगा-३ मात्र त्यापासून पक्षी थोडीच बनवतो, त्यामुळे 'मासळीची बरोबरी' असं बोर्डावर लिहू नका.

अख्खं कच्चं जवस लहान पिल्लांना अजिबात नको. त्यात चिकट बुळबुळीत पदार्थ असतो, त्याने विष्ठा पातळ आणि चिकट होते. सायनाइड तयार करणारे घटक असतात आणि बी-६ जीवनसत्त्वाला आड येणारा एक पदार्थही. शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत भाजून भरडलेलं जवस थोडं, किंवा घाण्याचं ताजं तेल एक-दीड टक्का, एवढ्यावर सुरुवात करा. हे तेल फार लवकर खवट होतं, तेव्हा व्हिटॅमिन ई वाढवायला विसरू नका. आधी दहा-वीस पक्ष्यांवर करून घरच्यांना खाऊ घाला. तेल जुनं असेल किंवा प्रमाण जास्त झालं तर मांसाला मासळीसारखा वास येतो आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही. पाकिटावर ओमेगा-३ लिहायचं तर एफएसएसएआयचे २०१८ चे दाव्यांचे नियम आहेत. मांसाची तपासणी करून आकडा हातात आल्यावरच लिहा.

प्रश्न: मी करारावर पक्षी वाढवतो. खाद्य कंपनीचं येतं. शेवटच्या आठवड्यात गोळीवर वरून थोडं गोडेतेल शिंपडलं तर वजन वाढेल का?
– एक वाचक, संगमनेर

उत्तर: नको. कंपनीच्या गोळीत तेल आधीच आहे आणि प्रथिनं त्याच हिशेबाने धरलेली आहेत. वरच्या तेलाने गोळी मऊ पडेल, फीडरच्या कडेला चिकटेल, तिथे खवट होईल आणि पोटातली चरबी वाढेल. तेल तुमच्या खिशातलं आणि ग्रोइंग चार्जेस (पक्षी वाढवण्याचा मोबदला) कराराप्रमाणेच. लिफ्टिंगच्या, म्हणजे पक्षी उचलायच्या वेळी सुपरवायझरने फीडरमध्ये तेल पाहिलं तर बोलणीही तुम्हालाच. वजन कमी येत असेल तर मला फीडरची उंची, पाण्याच्या निपलचा दाब आणि पहिल्या सात दिवसांची वजनं लिहून पाठवा.